माझ्या रोजाचं नाव घेऊ नका

गाव कुठलं म्हणून काय इचारता बाई, हेच माझं गाव. खाडीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या पायथ्याला. इथंच जलमले नि इथंच लग्न झालं, माहेर वरच्या आळीत नि सासर खालच्या आळीत, म्हंजे नवऱ्यावर रुसून माहेरी जायचं म्हणलं तर राग यायच्या आत माहेर यायचं, त्यात काय मजा न्हाय. नाव फिलोमिना, पण तेवढं लांब कोण म्हणतंय, सगळ्यांची मी फिलूबाय. आमी ख्रिस्ती. मुंबईची माणसं मांडव्याला बोटीतून उतरतात, इकडं किल्ला बगायला येतात नि मला इचारतात, मावशी, तुमी ख्रिस्ती, मंग लुगडं कसं नेसता. मी म्हणते, मंग काय येशूनं फ्रॉक घाला म्हणून सांगितलंय का.

आई माझी सुक्या मासळीवाली, तिची आई पण तीच, नि मी पण तीच. तुमी बसा तिथं, मी हात चालू ठेवते, हात थांबला की माझं तोंड पण थांबतं. हे बगा, बोंबील असा धरायचा, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा नि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडं लोंबतो, एक तिकडं. ह्या काठ्यांना नि दोऱ्यांना आमी वलांडी म्हणतो. सगळे तोंड उघडं टाकून रांगेत टांगलेले बगितले का मला आमच्या तेर्साच्या बायका आठवतात. हसू नका, खरं सांगते.

तेर्स म्हंजे काय ते तुमाला ठाऊक नसंल. माळेची प्रार्थना, संध्याकाळची, एरवी देवळात. आक्टोबर महिना माऊलीचा, मंग त्या महिन्यात देवळातली मारियामाऊलीची मूर्ती घरोघर फिरते, आज ह्या घरी, उद्या त्या घरी, नि ज्या घरी माऊली त्या घरी सगळी वाडी तेर्साला जमते. माळ संपली का मागणी. कुणासाठी काय मागायचं ते मोठ्यानं बोलायचं, अमक्याचा ताप उतरू दे, तमक्याची बोट सुखरूप येऊ दे, नि बाकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. पहिलं मागणं घरवालीचं. नि कुणी काय पण मागू दे, जबाब दिलाच पायजे, तोंड मिटून बसलं तर ते पाप, असं आमच्या आजीच्या आजीपासून चालत आलंय. मंग उकडलेले चणे नि खोबऱ्याचे काप वाटायचे. माझी आई म्हणायची, अर्धी वाडी चण्यासाठी येते नि अर्धी बातमीसाठी, देवासाठी आलेला एकटा देवच.

बातमीसाठी, हे बरोबर. काय सांगू तुमाला, आमच्याकडं कुणाचा नवरा कुणाला मारतो, कुणाच्या सुनेचं कुणाशी पटत न्हाय, हे पाणवठ्यावर बोललं तर चहाडी, नि तेर्साला बोललं तर दया. तेच बोलणं, तेच तोंड. फक्त डोळे मिटायचे.

नि ह्या सगळ्यांची म्होरकी सेवेरिना. मास्तरची बायको, आता इधवा, माझ्या बरोबरीची, एका बाकावर बसून आमी कॅटेकिझम, म्हंजे धर्माचे धडे, शिकलो. तवापासून तिचा आवाज मोठा. देवळात पयली गुडघ्यावर ती, उठायला शेवटची ती. तिला सगळ्यांची काळजी. एकदा वादळात आमची कौलं उडाली, माझा नवरा पास्कू शिडी लावून वर चढला, सेवेरिना खाली उभी, म्हणते, पास्कू, मी तुझ्यासाठी प्रार्थना करते हां. मी आतून ताडपत्री आणत होते, मी म्हणलं, बाय, प्रार्थना मंग कर, आधी शिडी धर. तर तिला शिडी धरायला हात मोकळे न्हायत, का तर ते जोडलेले. पास्कू खाली आला तो आपल्या पायांनी आला, पण सेवेरिनानं पुढच्या रविवारी देवळाच्या पायरीवर सांगितलं, बगा, माझ्या प्रार्थनेनं पास्कू वाचला. पास्कू बिचारा बोलत न्हाय. आता गुडघे गेलेत त्याचे, बोट सुटली, दारात बसून जाळी शिवतो नि मला म्हणतो, फिले, तोंड आवर. चाळीस वर्षं तेच म्हणतोय.

पण वादळ गेलं, कौलं बसली, ते मी इसरले. रोजाचं इसरले न्हाय.

रोजा माझी एकुलती एक. हुशार, नर्सिंग शिकली, पनवेलला दवाखान्यात कामाला हाय, नवरा पण चांगला, उरणला कंटेनरच्या गोदामात जातो, दारू न्हाय, हात उचलणं न्हाय. लग्न झालं, वरीस गेलं, दुसरं गेलं, मूल न्हाय. म्हंजे लोकांना दिसलं न्हाय. दोनदा राहिलं नि दोनदा गेलं, एकदा तर पाचव्या महिन्यात, नि तिनं मला फोनवर सांगितलं, आई, कुणाला बोलू नको. मी बोलले न्हाय. आता तुमाला सांगते, कारण तिनंच सांगितलंय, त्या लिहिणाऱ्या बाई येतील त्यांना सांग, आता लपवायचं न्हाय. पण तवा मी तोंडाला कुलूप लावलं, पास्कूला पण दोन महिने सांगितलं न्हाय.

नि इकडं सेवेरिना. प्रत्येक घरी, प्रत्येक संध्याकाळी, आजाऱ्यांची मागणी झाली, बोटवाल्यांची झाली, का मंग एक लांब उसासा टाकायचा नि म्हणायचं, आणि आपली फिलूची रोजा, तिची कूस उजव, तिच्या हातून काय चुकलं असंल तर क्षमा कर. नि सगळी वाडी, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. नि मी पण. मला पण म्हणायला लागायचं. काय चुकलं असंल तर. माझ्या पोरीचं काय चुकलं, रात्रपाळी करून लोकांची पोरं बाळंत करते ती, ते चुकलं काय.

मी सेवेरिनाला गाठलं, म्हणलं, माझ्या पोरीचं नाव घेऊ नको. ती म्हणते, फिलू, प्रार्थनेला कुणी अडवू शकत न्हाय, ती माझ्या नि देवाच्या मधली गोष्ट हाय. मी म्हणलं, तुमच्या दोघांच्या मधली गोष्ट हाय तर देवाच्या कानात सांग की, देव काय बहिरा हाय का, सगळ्या वाडीला कशाला सांगते. फादरांकडं गेले. ते नवीन होते, चांगले होते, मला म्हणाले, फिलोमिना, दुसऱ्यासाठी प्रार्थना करणं ही दया हाय, तू मनात गर्व ठेवू नको. मी म्हणलं, फादर, तुमीच रविवारी सांगता ना का खोलीत जा, दार लाव नि प्रार्थना कर. ते म्हणाले, ते वेगळं. असं बगा, आपल्याला लागू पडलं का शास्त्र नि दुसऱ्याला लागू पडलं का ते वेगळं.

मंग एका आक्टोबरात रोजा घरी आली. सुटी काढून आली होती, तिसऱ्यांदा राहिलं होतं नि तेही गेलं होतं, महिना पण झाला न्हवता. तोंड पांढरं फटक. मी म्हणलं, तू तेर्साला येऊ नको, पड घरात. ती म्हणाली, न्हाय आई, मला माऊलीच्या पाया पडायचंय. त्या दिवशी माऊली क्रुसाजवळच्या घरात होती. माळ झाली, मागणी झाली, नि सेवेरिना उठली ती सरळ माझ्या पोरीकडं आली, नि सगळ्यांच्या देखत तिच्या पोटावर हात ठेवला. डोळे मिटले नि सुरू केलं, हे रिकामं पोट, हे सुकलेलं झाड. रोजा हलली न्हाय. सगळ्यांचा जबाब होईपर्यंत हलली न्हाय. मंग तिनं तो हात धरून बाजूला केला, अगदी सावकाश, पेशंटचा हात उचलून ठेवतात तसा, घरी आली, पिशवी भरली नि शेवटच्या एसटीनं अलिबागला गेली, तिथून पनवेल. मी स्टँडपर्यंत मागं गेले. ती म्हणाली, आई, ज्या दिवशी माझं नाव थांबंल त्या दिवशी मी येईन.

ती आलीच न्हाय. नाताळ गेला, ईस्टर गेला, पास्कूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते पण तिनं पनवेलला करवून घेतलं, बाप तिकडं गेला, ती इकडं न्हाय. मी फोन केला का इचारायची, घेतात का अजून. मी म्हणायचे, न्हाय गं, कोण घेतंय. नि त्याच वेळी मागून तेर्सातला सेवेरिनाचा आवाज जायचा फोनमधून. नि सेवेरिना म्हणायची काय, बगा, आपण एवढी प्रार्थना करतो नि पोरगी घरी पण येत न्हाय, तिच्यासाठी अजून मागायला पायजे. म्हंजे आगीत तेल ओतायचं नि मंग आग इझू दे म्हणून मागायचं.

आता तिच्या घरचं ऐका. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत न्हाय. सेवेरिनाला एक मुलगा, अंतोन. बाप गेला तवा त्याला दारूचा नाद होता, खोटं कशाला बोला, होता. बापाला महिना झाला तवाच्या मिस्साला, म्हंजे त्याच्यासाठीच्या देवळातल्या उपासनेला, हिनं भर देवळात उभं राहून मागणं मागितलं, माझ्या अंतोनची दारू सुटू दे. नाव घेऊन. तो तिथंच बसलेला, पाव्हणे बसलेले. तो उठला नि गेला तो गेलाच. मंग काही दिवसांनी सेवेरिना सांगायला लागली, अंतोन जहाजावर हाय, मोठ्या कंपनीत. आमी व्हय व्हय म्हणलं. सगळ्या वाडीची नावं घेणारी बाई, पण त्या दिवसापासून तेर्साला तिनं स्वतःच्या पोराचं नाव कवा घेतलं न्हाय. मला वाटायचं, लाज. मनातल्या मनात मी हसायचे.

शनिवारी मी मांडव्याच्या रस्त्याला बसते, मुंबईची माणसं बोटीतून उतरतात, सोडे, जवळा, बोंबील नेतात. गेल्या पावसाळ्यानंतर बसले होते तर एक रिक्षावाला आला, म्हणतो, फिलूमावशी, बोंबील कसे. बगते तर अंतोन. वाळलेला, डोक्यावर टोपी, पण डोळे साफ. मी म्हणलं, मेल्या, तुझं जहाज इथं लागलंय का. तो हसला. दारू सोडली म्हणाला, रिक्षा चालवतो, तिथंच खोली घेऊन राहतो. मी म्हणलं, मंग घरी जा की, आई म्हातारी झाली. तो म्हणाला, मावशी, आता गेलो तर ती म्हणंल माझ्या प्रार्थनेनं सुटली. मी मरत मरत सोडलीय ती, नि ती देवळाच्या पायरीवर उभी राहून वाटून टाकंल. तिला सांगू नको मी इथं हाय ते. मी म्हणलं, न्हाय सांगत. नि सांगितलं पण न्हाय, पास्कूला सोडून.

मंग आला आक्टोबर, नि माऊली माझ्या घरी आली. मी घर सारवलं, मूर्तीला झेंडू घातला, चणे उकडले. सगळी वाडी ओटीवर दाटून बसली, सेवेरिना पुढं, गुडघ्यावर, डोळे मिटलेले. पास्कू दारात जाळं घेऊन. माळ झाली. सेवेरिनानं तो उसासा घेतला, नि मला कळलं आता पयलं नाव माझ्या पोरीचंच येणार, माझ्याच घरात. मी म्हणलं, थांब बाय, घर माझं, पयलं मागणं माझं.

नि मी मागितलं. मी म्हणलं, हे देवा, ही आपली सेवेरिना, हिच्या अंतोनसाठी मागते. तो जहाजावर न्हाय. तो मांडव्याला रिक्षा चालवतो. त्याची दारू सुटलीय. त्याला त्याच्या घरचा रस्ता दाखव, नि काय चुकलं असंल तर ज्याचं चुकलं त्याला क्षमा कर.

त्यानं सांगू नको म्हणलं होतं, मला ठाऊक हाय. पण प्रार्थनेत सांगितलेलं सांगणं न्हाय, ते मला त्याच्या आईनंच शिकवलंय.

कुणी जबाब देईना. बायका एकमेकींकडं बघतायत, कुणाच्या तोंडून हे प्रभो पण निघत न्हाय. पास्कूच्या हातातली सुई थांबली. मला काय वाटलं म्हणून इचाराल तर बरं वाटलं. लई बरं वाटलं. अजून चारपाच नावं माझ्या जिभेवर तयार होती, त्या दिवशी मी एकेकीला दया दाखवणार होते. नि तेवढ्यात पुढून एक बारीक आवाज आला, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. सेवेरिनाचा. एवढ्या वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला न्हवता. एकटीच म्हणाली. मंग सगळे म्हणाले.

पुढची नावं माझ्या तोंडातच राहिली. चणे वाटायला मी आत गेले तर ती माझ्या मागं सैपाकघरात. मला वाटलं आता भांडणार, मी पळी हातात धरून उभी. तर ती इचारते, बारीक झालाय का. मी म्हणलं, झालाय. जेवतो कुठं. मी म्हणलं, मला काय ठाऊक, बोंबील घेतले म्हंजे करून खात असंल. टोपी घालतो का अजून. घालतो म्हणलं. मंग ती चुलीजवळ खाली बसली, म्हणाली, फिलू, मला वाटलं होतं तो मेला. मी म्हणलं, मंग त्याचं नाव का घेत न्हवतीस, सगळ्या जगाचं घेतेस. ती म्हणाली, मेलेल्याचं मागणं वेगळं असतं नि जित्याचं वेगळं. मला ठाऊक न्हवतं कुठलं म्हणायचं.

मला तिची दया आली असं लिहू नका हां. मला राग आला. एवढी वर्षं मी तिचा राग जपून ठेवला होता नि तिनं तो पण माझ्याकडं धड राहू दिला न्हाय. मी एवढंच म्हणलं, सेवेरिने, तुला तुझ्या पोराचं ठाऊक न्हवतं तर तू गप बसलीस. माझ्या पोरीचं पण तुला ठाऊक न्हाय. तर गप बस. तिनं चण्याची परात उचलली नि बाहेर वाटायला गेली.

दुसऱ्या दिवशी माऊली शेजारच्या घरी. मी तेर्साला गेले, कोपऱ्यात बसले, रोजाला फोन लावला नि म्हणलं, बोलू नको, ऐक. फोन तसाच पदराखाली चालू. माळ झाली, आजाऱ्यांची मागणी झाली, बोटवाल्यांची झाली. मंग सेवेरिनानं उसासा घेतला, सवयीचा, नि सगळ्या बायकांनी जबाबाला तोंडं उघडली. पण ती काही बोललीच न्हाय. सगळ्या तशाच बसल्या, तोंडं उघडी टाकून, आतल्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मंग ती म्हणाली, आणि शेवटी सगळ्या मृतांना शांती दे, नि कपाळाला, छातीला हात लावून क्रुसाची खूण केली. मी बाहेर येऊन फोन कानाला लावला. रोजा म्हणाली, आई, नाताळाला येते, बोंबील बाजूला ठेव.

आली. नवऱ्याला घेऊन आली, आठ दिवस राहिली, ह्या वलांडीवर माझ्या बरोबर बोंबील टाकले. देवळात सेवेरिना समोर आली तर दोघी एकमेकींना नाताळच्या शुभेच्छा म्हणाल्या, बस. त्यापुढं काही न्हाय, नि त्यापुढं काही नको.

अंतोन अजून घरी आलेला न्हाय. पण आता आईचा फोन उचलतो. ती शनिवारी माझ्याबरोबरच मांडव्याला येते नि त्याच्या रिक्षात बसून राहते, गिऱ्हाईक आलं का उतरते, गिऱ्हाईक सोडून तो आला का परत बसते. नि देवळाच्या पायरीवर काय सांगते ठाऊक हाय का, माझ्या प्रार्थनेनं त्याची दारू सुटली. झालंच. तो म्हणत होता ते खोटं न्हवतं. माणूस काय बदलतंय बाई, पळसाला पानं तीनच.

मला अजून ती आवडत न्हाय. पण त्या दिवशी ती गप बसली ना, तेवढ्यासाठी मी तिच्या नावानं रोज एक नमो मरिया म्हणते, इथंच, बोंबील टाकता टाकता, मनातल्या मनात, ओठ पण हलवत न्हाय. तिला कळू देऊ नका, कळलं तर डोक्यावर चढून बसंल.

तुमी निघालात का. तुमच्यासाठी प्रार्थना करीन असलं काही मी कुणाला म्हणत न्हाय. हे बोंबील घ्या, घरी गेल्यावर एकदा परत उन्हात टाका, मंग टिकतील.